विद्येची सुईण

शाळेत मला सुईण म्हणत. विद्येची सुईण. चिडवायला पाडलेलं नाव होतं ते, आणि तेव्हा ते ऐकलं की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आज कुणी त्या नावानं हाक मारली तर मान ताठ करून ओ देईन. पण आता मारतं कोण! तेव्हाच्या पोट्ट्या आज्या झाल्या, आणि मी निवृत्त मास्तरीण.

पूर्व नागपुरात, विणकरांच्या वस्तीला लागून आमची शाळा होती. फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकेक झाड, चपट्या हिरव्या पानांचं, उभ्या उभ्या फांद्यांचं. माळी त्याला मोरपंखी म्हणायचे. पुढे कॉलेजात कळलं की ते चीड-देवदाराच्या गोतातलं आहे, सूचिपर्णी. थंड मुलखातली ही पाहुणी आमच्या मे महिन्यात कशी जगत होती ते तिचं तिलाच माहीत. आम्हा पोरींसाठी मात्र तिचं नाव एकच होतं, विद्या. विद्येची डहाळी पुस्तकात ठेवायची, आणि ज्या धड्यात ठेवाल तो धडा पाठ होणार. सहामाहीच्या आधी त्या झाडांच्या हाताला येणाऱ्या फांद्या पार बोडक्या व्हायच्या. मोरपिसाचंही तसंच. पुस्तकात मोरपीस ठेवून त्याला पेन्सिलीचा भुसा चारला की त्याला पिल्लू होतं असं सगळ्या शपथेवर सांगायच्या. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

मी आठवीत होते. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. थंडीचे दिवस होते आणि माझं गणित कच्चं, म्हणून मी चांगली जाडजूड डहाळी तोडून गणिताच्या पुस्तकात खुपसली. पुस्तक धड मिटेना, पण मी म्हटलं, जितकी मोठी डहाळी तितकं मोठं गणित. दुसऱ्या दिवशी उघडून पाहते तर दोन पानं चिकटलेली. काडीवर दोन-तीन भुरके किडे, मसुराच्या चुरीएवढे, आणि त्यांतल्या एकाच्या आजूबाजूला चार बारीक ठिपके. ठिपके चालत होते! आदल्या दिवशी ते तिथं नव्हते, हे मी कुणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगितलं असतं.

"माय वं!" मी ओरडलेच. "विद्येले पिल्लं झाली!"

मोरपिसाला होत नाहीत ती विद्येला होतात, असा माझा पक्का समज झाला. हसू नका. तेरा वर्षांची होते मी.

आता आमच्या घरातल्या भिंगाबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या भिंगानं केलं. बाबा बारीक सुताची पातळं विणत. विणकरांच्या सोसायटीतून सूत यायचं, विणलेला माल तिथंच जायचा, आणि तिथला माणूस पितळेचं घडीचं भिंग कापडावर ठेवून एका इंचात धागे किती बसले ते मोजायचा. तसंच एक भिंग बाबांकडे होतं. खाली चौकोनी खिडकी, बरोब्बर इंचाची, आणि वर काच. उभ्या ताण्याची काळजी नव्हती, तो फणीत बांधलेला असतो. आडवा बाणा मात्र विणणाऱ्याच्या हातावर असतो. हात ढिला पडला की इंचात धागे कमी बसतात आणि पातळ परत येतं. बाबांचं पातळ कधी परत आलं नव्हतं. सगळ्या मोहल्ल्यात बारीक सूत सगळ्यांत आधी त्यांना मिळायचं, आणि त्यांचा एक नियम होता: मोजल्याबिगर आकडा सांगायचा नाही. बाजारातून आणलेले लिंबू किती म्हणून विचारलं तरी आधी मोजायचे.

पण दोन वर्षांपासून ते मोजत नव्हते. मी मोजत होते. त्यांच्या डोळ्यांवर धूर आल्यासारखं व्हायला लागलं होतं. हातानं आणि कानानं ते माग चालवत, इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या आवाजावरून तुटलेला धागा ओळखत, पण भिंगातून त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. रोज सकाळी शाळेआधी मी मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसायची, भिंग ठेवायची, सुईच्या टोकानं एकेक बाणा मोजायची आणि सांगायची, "बाबा, दोन कमी." मग त्यांचा हात दिवसभर जरा जोरात पडायचा. ही गोष्ट बाबा, माय आणि मी, तिघांतच होती. बाहेर गेली असती तर बारीक सूत बंद झालं असतं. मला कुणी 'सांगू नको' असं बजावलंसुद्धा नव्हतं. त्याची गरजच नव्हती.

तर मी विद्येची किडेवाली डहाळी औषधाच्या बाटलीत पाणी घालून मागाजवळच्या खिडकीत ठेवली, आणि रविवारी सकाळी बाणा मोजून झाल्यावर भिंग तिच्यावर धरलं. अहाहा! भुरक्या पाठीवर राखेसारखी पांढुरकी नक्षी, सहा पाय, सोंड झाडाच्या सालीत रुतवलेली. एकीच्या पोटाच्या टोकाला फिकट पिवळसर काहीतरी लोंबत होतं. मी म्हटलं, अंडं असेल. पाहत राहिले. ते लांबत गेलं. मग त्याला पाय दिसले, अंगाशी चिकटलेले. मग ते पाय सुटे झाले, हवेत चाचपडले, आणि एका क्षणी ते सगळंच्या सगळं पिल्लू काडीवर उतरून चालायला लागलं. आधी शेपटीकडची बाजू आली होती, डोकं सगळ्यात शेवटी. माझी मान अवघडली होती पण मी हलले नाही.

"बाबा, पाहा! पाहा लवकर, दुसरीचं बी होऊन राहिलं!"

बाबा मागातून वर आले, धोतराला हात पुसले, भिंगाला डोळा लावून बराच वेळ वाकले. मग म्हणाले, "हूं." आणि परत मागात उतरले.

त्या आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी कीटकांचं जीवनचक्र घेतलं. अंडी, अळी, कोष, प्रौढ. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सगळे कीटक अंडी घालतात.' माझा हात वर.

"बाई, सगळे नाही. विद्येच्या किड्याला पिल्लंच होतात. शेपटीकडून. पाय मागून सुटतात."

वर्ग फुटला नुसता. बाईसुद्धा हसल्या. "किडा आहे की मांजर? आणि बाळंतपण तू केलंस वाटतं?"

झालं! मागच्या बाकावरून आवाज आला, "सुईणबाई!" आणि ते नाव मला त्या दिवशी चिकटलं. एरवी मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या. पण सहामाहीच्या आधी एकीच्या थोबाडीत दिल्याबद्दल मायला शाळेत बोलावणं आलं होतं, आणि मायनं घरी बजावलं होतं, "अजून एक बोलावणं आलं ना, तं नाव काढतो शाळेतून. कांड्या भरत बस माह्यासंगं." आमच्या गल्लीतल्या माझ्या वयाच्या निम्म्या पोरी तेच करत होत्या, दिवसभर बाण्याचं सूत कांड्यांवर गुंडाळत होत्या, त्यामुळे ती काही नुसती धमकी नव्हती. मी मुठी आवळून उभी राहिले.

"मी खोटं नाही बोलत, बाई. पाहिलं मी."

"आणखी कुणी पाहिलं?"

इथं मी चुकले. 'कुणी नाही' म्हणायचं सोडून मी म्हटलं, "माझ्या बाबांनी."

त्या सगळ्या प्रकरणात खोटं एवढं एकच होतं, आणि ते माझं होतं. मनात मी स्वतःला समजावलं की ते भिंगावर वाकले होते, हूं म्हणाले होते. पण ज्या डोळ्यांना इंचातले बाणे दिसत नाहीत त्यांना किड्याचे पाय कसे दिसतील, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत होतं?

बाई म्हणाल्या, "बरं, मग उद्या बाबांना घेऊन ये. त्यांच्याच तोंडून ऐकू." आणि चिठ्ठी लिहून दिली.

चिठ्ठी घरी मलाच वाचायची होती. काही गाळलं असतं तरी कुणाला कळलं नसतं, पण मी सगळी वाचली. 'आपली मुलगी वर्गात न घडलेल्या गोष्टी सांगते आणि तुम्हीही त्या पाहिल्याचं म्हणते.' मायनं कांडी हातातून खाली ठेवली. "खोटं निघालं तं उद्यापासून शाळा बंद. आयकून ठेव." बाबांनी माग थांबवला.

"माह्यं नाव काहून घेतलं वं?"

"तुमी हूं म्हणाले होते."

"हूं म्हणजे पाहिलं का?"

मग मला रडू फुटलं. "बाबा, नुसतं पाहिलं म्हणा ना उद्या. खरंच होतात पिल्लं. खरं आहे ते. तुमी नुसतं हो म्हणा." त्यांनी धोटा उचलला आणि विणायला लागले. मी म्हटलं, म्हणतील. पोरीसाठी एवढं कोण म्हणणार नाही?

दुसऱ्या दिवशी बाबा धुतलेली टोपी घालून, खिशात भिंग टाकून वर्गात आले. वर्गात आमच्याच मोहल्ल्यातल्या आठ-दहा पोरी, कुणाचा बाप सोसायटीत, कुणाचा काका. बाईंनी नमस्कार केला आणि नीट, अदबीनं विचारलं, "ही म्हणते तुम्ही त्या किड्याला पिल्लं होताना पाहिलंत. खरं आहे का?"

"नाई बाई," बाबा म्हणाले. "मी नाई पाहिलं."

माझ्या कानात गरम गरम व्हायला लागलं. मागून खुसखुस सुरू झाली. माझे बाबा, माझे स्वतःचे बाबा! त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. शाळा गेली, पुस्तकं गेली, आता जन्मभर कांड्या भरायच्या, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बाबा अजून उभेच होते. टोपी हातात घेतलेली. म्हणाले, "पाहिलं नाई, कारन मले दिसत नाई. दोन वर्सं झाली, मले भिंगातलं काईच दिसत नाई."

खुसखुस थांबली.

"सोसायटीत माह्या नावानं जे पातळ जाते, त्याचा बाणा ही पोट्टी मोजते. रोज सकाळी. दोन वर्सांत एक पातळ वापस नाई आलं. तिनं मोजलेलं सोसायटीले खरं वाटते, तं तिनं पाहिलेलं तुमाले काहून खोटं वाटते?"

बाबांनी खिशातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "माह्या नावाचं खोटं बोलली ती. त्याची शिक्षा तिले द्या, मी मना नाई करत. पन किड्याचं आधी पाहून घ्या."

मला तेव्हा काय वाटलं ते साध्या शब्दांत सांगते. लाज वाटली, आणि त्या लाजेच्या वर, तिच्या डोक्यावर पाय देऊन, अभिमान वाटला. जी गोष्ट मी दोन वर्षं जीव गेला तरी बोलले नसते, ती या माणसानं पन्नास पोरींसमोर स्वतःच्या तोंडानं सांगितली. 'पाहिलं' असा एक शब्द म्हणून सुटता आलं असतं. नाही म्हणाले.

आणि बाईंचंही सांगायला पाहिजे. त्या भिंग उचलून सरळ फाटकाकडे निघाल्या. मागून आमची वरात. झाडाच्या फांदीवर भुरक्या किड्यांची रांग होती, मुंग्या त्यांच्या अंगाखांद्यांवरून ये-जा करत होत्या. बाईंनी भिंग लावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काही होईना. किडे आपले रस पीत बसलेले. पोरी कंटाळून एकमेकींना ढकलायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "सुईणबाई, कळा सुरू करा ना!" तास संपल्याची घंटा झाली. बाई हलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बदलायला लागला होता.

"बाई, मला द्या," मी म्हटलं. भिंग घेतलं आणि फांदीवरल्या एकेकीची पाठ सोडून पोटाचं टोक पाहत गेले, बाणे मोजते तशी, एकही न सोडता. अकरावीच्या टोकाला फिकट ठिपका दिसला. "ही. हिच्यावर धरा. हलू नका."

बाई वाकल्या. त्यांचा चष्मा काचेला लागला तो त्यांनी काढून माझ्या हातात दिला. बराच वेळ त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "पाय सुटले."

बाबा फाटकापाशी उभे होते. त्यांना दिसलं काहीच नाही, पण ऐकू आलं. त्यांनी टोपी घातली, भिंग आमच्याकडेच राहू दिलं आणि घरी गेले.

पुढच्या तासाला बाईंनी मला बाकावर उभं केलं, खोटं बोलल्याबद्दल. मी बाकावर उभी, आणि बाई फळ्यावरचा 'सगळे' शब्द पुसून तिथं 'बहुतेक' लिहीत होत्या. इतक्या तोऱ्यात शिक्षा भोगलेली पोरगी त्या शाळेनं दुसरी पाहिली नसेल. त्या दिवसापासून वर्गातली प्रत्येक पोरगी मधल्या सुट्टीत माझ्यामागे. "सुईणबाई, मले बी दाखव ना वं!" मी त्यांना रांगेत उभं करून दाखवायची.

घरी मात्र चार दिवसांत सोसायटीचा माणूस आला. वाईट बोलला नाही. चहा घेतला, इकडची तिकडची चौकशी केली आणि जाताना बारीक सुताचा गठ्ठा घेऊन गेला, जाडं सूत ठेवून गेला. त्यानंतर बाबांनी चादरी विणल्या. माय आठ दिवस धुसफुसत होती. "पाहिलं म्हटलं असतं तं काय बिघडत होतं? इतकं सत्य बोलायचं काहून कोनी?"

"मोजल्याबिगर सांगत नाई मी," बाबा म्हणाले. बस. त्यावर पुन्हा कधी एक शब्द नाही. पण मायनं शाळेतून माझं नाव काढलं नाही, आणि कांड्या भरताना कुणी विचारलं तर तीच सांगायची, "माह्या पोट्टीनं मास्तरनीले दाखवलं ना!"

मी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं. तिथं कळलं की तो मावा होता, सूचिपर्णी झाडांवरच राहणारा. त्याच्या अंगातून गोड चिकटा गळतो, त्यानंच माझ्या गणिताची पानं चिकटली होती. ऊन तापलं की मुळांकडे उतरतो. आणि नराची त्याला गरजच पडत नाही. आयांना लेकी होतात, लेकींना लेकी. घरी येऊन मी हे मोठ्या ऐटीत बाबांना सांगितलं. ते जाड सुताची कांडी चाचपत होते. थोडा विचार करून म्हणाले, "बापच नाई? मंग बाईनं शाळेत बोलावलं तं जाते कोन त्यायच्या घरून?"

मी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बाबांचे डोळे तोवर जवळजवळ गेलेच होते. मोतीबिंदू होता. पिकू द्या, पिकू द्या, असं डॉक्टर म्हणत राहिले, आणि बाबाही घाबरून टाळत राहिले. मी शाळेत नोकरीला लागले त्या वर्षी हिवाळ्यात त्यांना बळंच धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, महिना-दीड महिन्यानं जाड काचांचा चष्मा मिळाला. पहिल्या दिवशी ते घरभर फिरून सगळ्यांची तोंडं पाहत होते. मायला म्हणाले, "म्हातारी झाली वं तू." माय म्हणाली, "पाहा, एवढ्यासाठी डोळे आनले यायनं!"

दुसऱ्या दिवशी मी जुन्या शाळेच्या फाटकातून एक डहाळी आणली. झाड तिथंच होतं, मावाही होता. अंगणात उन्हात बाबांना खुर्चीवर बसवलं, ते पितळेचं भिंग त्यांच्या हातात दिलं, आणि ज्या किड्याच्या पोटाच्या टोकाला फिकट ठिपका होता त्याच्यावर धरायला लावलं. चष्मा वर, भिंग खाली. जागा जमायला वेळ लागला. मग ते स्थिर झाले. मी बाजूला उकिडवी बसून होते. शेजारच्या घरातून मागाचा खटखट आवाज येत होता.

"हूं," बाबा म्हणाले.

मी विचारलं, "हूं म्हणजे?"

"हूं म्हणजे पाहिलं." त्यांनी भिंग खाली घेतलं, घडी केली. जाड काचांमागे त्यांचे डोळे मोठाले दिसत होते आणि वाहत होते. "शेपटीकडून आलं. पाय मागून सुटले. पाहिलं मी."

मग ते उठले आणि भिंतीला हात लावत चपला शोधायला लागले.

"कुठं निघाले, बाबा?"

"त्या तुह्या विज्ञानाच्या बाई कुठं राहते आता? त्याईनं विचारलं होतं ना मले, पाहिलं का म्हनून? चाल, सांगून येऊ."